ताईचं नाव विचारू नये

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास प्रियदर्शनी हिंगोलीच्या बसस्थानकात वाशिमच्या गाडीत बसली. खिडकी मिळाली, पिशवीत वही, पेन, मोजायची टेप, पाण्याची बाटली सगळं आहे याची खात्री झाली, आणि गाडी हलल्यावर तिच्या लक्षात आलं की डबा घरीच राहिला.

डबा विसरणं हे तिचं अलीकडचं दुखणं होतं. आधी विसरायची सोयच नव्हती. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तिच्या थोरल्या बहिणीचा, शिलाताईचा, फोन यायचा. हालहवाल काही नाही, एकच प्रश्न, "डबा घेतलास का?" प्रियदर्शनीला कॉलेजात इतिहास शिकवायला लागून सतरा वर्षं झाली, तिच्या विद्यार्थ्यांची लेकरं शाळेत जायला लागली, तरी तो प्रश्न काही बदलला नाही. "घेतला गं बाई," असं म्हणून ती फोन ठेवायची, कधी कधी जरा तुसडेपणानेच. दोन वर्षांपूर्वी शिलाताई दोन दिवसांच्या आजाराने गेली, आणि नऊ वाजता फोन वाजेनासा झाला.

आई गेली तेव्हा प्रियदर्शनी सहा वर्षांची होती आणि शिलाताई चौदाची. शिलाताईने शाळा सोडली आणि चूल हाती घेतली. पुढे कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं. तेव्हापासून तिच्या भाकरीच्या काठावर तीन बोटं पूर्ण आणि एक अर्धं उमटायचं. शाळेत डबा उघडला की मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या भाकरीला शिक्का असतो. लग्न होऊन ती सिद्धेश्वरच्या कालव्याकडच्या गावी गेली, तरी दर संक्रांतीला पाच किलोचा डबा भरून ज्वारी धाडायची. निवडलेली, लिंबाचा पाला घातलेली, वरून फडकं बांधलेली. शेवटचा डबा प्रियदर्शनीच्या स्वयंपाकघरात फळीवर तसाच होता. ती बाजारातलं पीठ आणून खायची, पण त्या फडक्याची गाठ तिला सोडवत नव्हती. एवढं केलं त्या बाईने, आणि आपण एकदाही तोंडाने म्हटलं नाही की ताई, तुझ्यामुळे माझं पोट भरलं. हे तिला रोज, निदान एकदा तरी, टोचायचं.

तिचा प्रबंध होता इस्लामच्या उदयकाळातल्या तय्य नावाच्या अरब टोळीवर. स्टाफरूममध्ये त्यावरून थट्टा चालायची. "मॅडम, औंढ्याचं देऊळ सोडून तुम्ही अरबस्तानात काहून गेल्या? हिंगोलीत उंट दिसला काय?" ती शांतपणे सांगायची की उंट नसेल, शब्द आहे. जुन्या मराठीत अरबी घोड्याला 'ताजी' म्हणत, आणि तो शब्द फिरत फिरत याच टोळीच्या नावावरून आला असं भाषेचे जाणकार मानतात. यावर कुणीतरी चहा मागवायचा आणि विषय संपायचा.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मात्र अडलं होतं. या टोळीचं माणूस आपल्या मुलखात कधी आलं होतं का, याचा पुरावा हवा होता. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, नुसत्या ऐकीव गोष्टी चालणार नाहीत. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, सही पाहिजे. सहा वर्षांचं काम त्या एका प्रकरणापाशी थांबलं होतं. अशात कॉलेजचे ग्रंथपाल देविदास एक दिवस म्हणाले, "मॅडम, आमच्या तांड्यावर एक दगड हाय. उलट्या अक्षरांचा. आमी त्याला ताई म्हणतो."

ते ऐकून तिच्या हातातला कप बशीत जरा जोरातच टेकला. तय्य टोळीच्या माणसाला अरबीत 'ताई' असंच म्हणतात.

कनेरगाव नाक्यावर देविदास मोटारसायकल घेऊन उभे होते. ढाब्यावर वडे तळले जात होते. प्रियदर्शनीला भूक होती, पण ऊन चढायच्या आत मोजमाप उरकायचं म्हणून ती तशीच मागे बसली. फाल्गुन लागला होता. रस्त्याकडेला पळस पेटले होते आणि कुठल्याशा शेतात हळद शिजत होती, तिचा कडवट वास वाऱ्यावर येत होता. डांबरी रस्ता सुटला, कच्चा लागला, आणि देविदासांनी गाडीचा वेग कमी करून मान जराशी मागे वळवली.

"एक सांगायचं राहिलं, मॅडम. तुमी काय विचारायचं ते विचारा. दगडाचं विचारा, दुष्काळाचं विचारा. फक्त घरात आमची ताईआत्या हाय, तिचं नाव विचारू नका."

"का बरं?"

"आमच्यात कुणी विचारत न्हाई." मग त्यांनी गाडीचा वेग पुन्हा वाढवला.

मोहनसिंग नाईकाचा तांडा म्हणजे पन्नासेक घरं, एक शाळा, एक पाण्याची टाकी. तांड्यामागे मुरमाचा माळ चढत गेलेला, आणि माळाच्या डोक्यावर तो ओटा. कंबरेएवढा दगड, त्याला हिरवा खण, पायाशी बांगड्या, नारळाच्या शेंड्या. प्रियदर्शनीला हसू आलं. निजामाच्या काळात या भागात अरब शिपायांची ठाणी असत. त्यातलाच कुणी दाढीमिशीवाला शिपाई इथे गाडला गेला असेल, त्याच्या दगडावर कुणी टोळीचं नाव कोरलं असेल, आणि ते नाव कानी पडल्यावर आपल्या लोकांनी त्याला सरळ थोरली बहीण करून टाकलं. शेदीडशे वर्षं बिचारा बांगड्या भरून घेतोय.

तिने खण हळूच बाजूला केला. अक्षरं झिजली होती. वरच्या दोन ओळी गेलेल्याच, खालच्या ओळीचं शेवटचं टोक तेवढं बोटाला लागत होतं. तिने वाचलं. पाण्याने ओलं करून पुन्हा वाचलं. अत्-ताई. सहा वर्षांच्या मेहनतीचं तिथल्या तिथे सार्थक झालं होतं, आणि हे सांगायला फोन लावावा असं माणूस आता नव्हतं. ती काही क्षण नुसती दगडावर हात ठेवून बसली. मग उठून टेप काढली आणि लांबी-रुंदी वहीत लिहायला लागली.

खाली घराच्या अंगणात देविदासांचे वडील गुलाबसिंग बाजेवर बसले होते. साठी ओलांडलेले, बोलण्याची हौस असलेले. शेजारी त्यांची धाकटी बहीण रूपाबाई, नवऱ्याच्या माघारी माहेरी परतलेली, शेंगा सोलत होती. गुलाबसिंगांनी पाणी दिलं, गाव विचारलं आणि न विचारताच सुरुवात केली.

"बहात्तरचा दुष्काळ. तवा इथं तांडा नव्हता, बाई. आमी खडी फोडायच्या कामाला पायी चाललो होतो. मी नऊ वर्षांचा, ही पाचाची. आन् आमची थोरली मिना, बारा वर्षांची."

"मिना चौथीपस्तोर मराठी शाळेत गेल्ती," रूपाबाई म्हणाली. "आमच्यात बहिणीला बाई म्हणतात. तिला मात्र ताई म्हणून घ्यायची लई हौस. म्हणून आमी ताई म्हणायचो."

चार दिवस मिना आपल्या वाटणीचं धाकट्यांना देत आली होती. या माळाखाली पोचल्यावर ती जी आडवी झाली ती उठलीच नाही. सांज व्हायच्या आत मोहनसिंगांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, तिला उताराला मातीआड केलं आणि माणसं त्या दगडाच्या आडोशाला पडून राहिली. पाच वर्षांच्या रूपाला मरण म्हणजे काय ते कळत नव्हतं. फटफटताना ती उठली आणि दगडापाशी जाऊन म्हणाली, ताई, भूक लागली गं.

"ती मिनाला म्हणत होती," गुलाबसिंग म्हणाले. "पण ताई तिथं दुसरीच होती. आमाला कुठं ठाऊक."

उजाडल्यावर पाहतात तर दगडापाशी त्यांचाच हंडा, खाली निखारे, आणि हंड्यात शिजलेलं मटण. त्यांची एकुलती एक शेळी होती, गुजरी, तिचं रिकामं दावं खुंट्याला. कुणाच्या सुरीला डाग नाही, कुणाच्या हाताला वास नाही. घाबरत घाबरत सगळे जेवले. म्हणून जगले.

"आन् दुपारी," गुलाबसिंग म्हणाले, "एक पोरगी आली. मिनाच्याच वयाची. हातात दाव्याला शेळी. म्हणली, बापानं पाठवलं."

प्रियदर्शनीचं पेन थांबलं. "कोणत्या भाषेत म्हणाली?"

भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिलं. "समजलं खरं," गुलाबसिंग म्हणाले. "भाषा कोणती ते काय ध्यानात न्हाई."

तिने वही मिटली. ही गोष्ट तिला पाठ होती, आणि तिने ती त्यांना सांगितली. अरबस्तानाच्या उत्तरेला आजा आणि सलमा नावाचे दोन डोंगर आहेत, त्यांच्या आधाराने तय्य लोक राहत. इस्लामच्या थोडं आधी त्यांचा एक सरदार होता, हातिम. रात्री डोंगरावर जाळ करायचा, वाट चुकलेला माणूस जेवायला यावा म्हणून. तो मेल्यावर काही वाटसरू त्याच्या कबरीपाशी उतरले. त्यांच्यातला एक थट्टेने म्हणाला, मोठा दाता ना तू, मग वाढ आम्हाला. सकाळी त्याचीच सांडणी कापलेली. सगळे पोटभर जेवून वाटेला लागले, तर समोरून हातिमचा मुलगा आला, हातात दुसरी सांडणी. म्हणाला, बाप स्वप्नात आला होता. म्हणाला, पाहुण्यांची सांडणी मी पाहुण्यांनाच वाढली, तेवढी भरून दे.

"बराबर," गुलाबसिंग मान हलवून म्हणाले, शेजारच्या गावची हकिगत ऐकावी तसे.

"त्यांच्यात अजून एक रीत होती," ती म्हणाली. शिकवायची सवय, सुटत नव्हती. "आलेल्या पाहुण्याला तीन दिवस नाव विचारत नसत. आणि त्या हातिमला एक लेक होती. पुढे मदिनेच्या फौजेने त्यांच्या डोंगरावर स्वारी केली, तेव्हा भाऊ निसटला आणि ती सापडली. बंदिवान म्हणून पैगंबरांसमोर उभी राहिली आणि तिने बापाची ओळख सांगितली. माझा बाप बंदिवान सोडवायचा, उपाशाला जेवू घालायचा, दारी आलेल्याला कधी रिकामं धाडलं नाही. त्यांनी तिला मोकळं केलं. अंगावर वस्त्रं दिली, वाटेला वाहन दिलं. मग तिने भावाला शोधून काढलं, तो मदिनेला जाऊन मुसलमान झाला, आणि पुढच्या धामधुमीत टोळी शाबूत राहिली. हे सगळं त्या एका लेकीमुळे. तिचं नाव होतं—"

रूपाबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू द्या, बाई."

आत कुणीतरी भांडी लावत होतं. तो आवाज थांबला होता. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

ते नाव पुस्तकांतून सापडतं. ज्याला हवं त्याने तिथे पाहावं, इथे लिहायचं काही कारण नाही.

"ती पोरगी," प्रियदर्शनीने आवाज खाली आणून विचारलं, "शेळी देऊन परत गेली?"

"कुठं जाती?" रूपाबाई म्हणाली. "शेळी बांधली, आन् हंडा घासाया बसली. सांजच्याला मला मांडीवर घेऊन वेणी घातली. तवापासून हाय. आमच्या मायबापाचं तिनं केलं, माझी दोन बाळंतपणं तिनं केली, भाऊजय गेली तवा ह्या देविदासला तिनं वाढवलं. दारात माणूस उपाशी दिसला की तिला ऱ्हावत न्हाई. पन्नास वर्सं झाली, ह्या तांड्यावर उपाशी पोटी कुणी निजलं न्हाई, बाई. कोरोनात रस्त्यानं माणसं चालत जाऊन ऱ्हायली होती ना, ती सुद्धा इथं जेवून गेली."

"तुमच्या आईने तरी विचारलं असेल नाव."

"विचारणार होती. बापानं हात धरला. पाहुणा जेवल्याबिगर त्याला नाव विचारत न्हाईत, ही आमची रीत."

"मग जेवल्यावर?"

रूपाबाईने शेंगांचं सूप खाली ठेवलं. "ती अजून जेवली न्हाई, बाई."

गुलाबसिंग घाईने हसले. "जेवत आसंल मागं. सगळ्यांचं झाल्यावर. आमी पाहिलं न्हाई येवढंच. तुमचं होऊ द्या म्हणती नेहमी, आन् आमच्याकडं पाहुण्याला काय खंड हाय?"

देविदासांनी आणखी एक गोष्ट सांगितली, सांगू की नको अशा आवाजात. आधार कार्डाच्या वेळी तिला नाक्यावर नेलं होतं. यंत्रावर एकाही बोटाचा ठसा उमटला नाही. यंत्रवाला म्हणाला, कष्टाच्या हातांचं असं होतं, रेषा झिजतात. प्रियदर्शनीनेही लगेच मान डोलावली. होतं असं. वीटभट्टीवाल्यांचं होतं, धुणीभांडी करणाऱ्यांचं होतं.

"बाई, तुमाला कागदावर नाव लागतं, देविदास बोलला," रूपाबाई म्हणाली. "माझं लिवा. माझा अंगठा घ्या. पण तिला इचारू नका. मिना गेली ती मला आठवत बी न्हाई. माझी बहीण म्हणशान तर हीच हाय. नाव सांगून ती जाईल, असं माय म्हणायची. खरं का खोटं, मला पाहायचं न्हाई." तिने पदराने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले.

"नाही विचारणार," प्रियदर्शनी म्हणाली. मनात मात्र एक कोपरा बोलत होता, की साठीपुढची ही बाई म्हणजे या प्रकरणातला सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. कोणाची कोण, कुठून चुकलेली, दुष्काळात कोणी सोडलेली. एका प्रश्नात सगळं कळेल.

दोन फोटो राहिले होते म्हणून ती पुन्हा एकटीच माळावर गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. तिने अक्षरांवर बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं, फोटो काढले आणि ओट्याला टेकून बसली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. समोर पळसाखाली एक शेळी कान हलवत उभी होती, आणि लांबून हळद काढणाऱ्या बायांचं बोलणं तुटक तुटक येत होतं. घरी ओट्यावर राहिलेला डबा तिला आठवला. त्यावरून नऊचा फोन आठवला. ती डोळे मिटून, अगदी लहानपणी चुलीपाशी बसून म्हणायची तशी, सहज म्हणाली, "ताई, भूक लागली गं."

आपण काय बोललो ते तिला दोन क्षणांनी कळलं. ती स्वतःशीच हसली. ऐकायला आहे कोण इथे, असं म्हणून तिने पिशवी आवरली.

वारा पडला होता. बायांचं बोलणं ऐकू येईना.

मग भाजल्या भाकरीचा वास आला.

तांड्याच्या बाजूने एक बाई माळ चढून येत होती. डोक्यावर मोठं टोपलं, अंगावर साधं हिरवट लुगडं. चेहरा कोणत्याही म्हाताऱ्या बाईचा असतो तसा. तिच्यामागे रूपाबाई, गुलाबसिंग, देविदास, आणि शेतातून उठून आलेल्या वीसेक बाया. बोलावलं कुणी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ताई, ज्वारी तर सरली होती," रूपाबाई मागून म्हणत होती. "आठ दिस झाले. नवी अजून खळ्यात हाय. कुठनं आणली?"

"पाहुण्याचीच हाय," ती बाई म्हणाली.

तिने टोपलं उतरवलं. तीसचाळीस भाकरी, वाफ निघत असलेल्या. बरोबर ठेचा, कांदा, बेसन. ती एकेकाच्या हातावर देत गेली, आणि सगळ्यात आधी प्रियदर्शनीच्या.

प्रियदर्शनीने भाकरीकडे पाहिलं.

काठावर तीन बोटं उमटली होती. आणि चौथं अर्धं.

तिने शेजारच्या बाईच्या हातातली भाकरी पाहिली. तीन आणि अर्धं. देविदासांच्या हातातली. तीन आणि अर्धं.

तिने वाढणाऱ्या हातांकडे पाहिलं. दहाच्या दहा बोटं धड होती.

"खाय ना," ती बाई तिच्यासमोर उकिडवी बसत म्हणाली. "निवंल."

तिने घास तोडला. लिंबाच्या पाल्याची अगदी बारीक कडवट चव होती. इतकी ओळखीची, की घास कितीतरी वेळ तोंडातच फिरत राहिला. समोरची बाई बघत होती, खाणाऱ्याकडे स्वयंपाक करणारी बघते तसं. आणि आपल्यात जी रीत असते, कोणी बघत बसलं की एकट्याने खाऊ नये, ती हाताला इतकी भिनलेली, की प्रियदर्शनीने विचार न करता उरलेली भाकरी मोडली आणि अर्धी पुढे केली.

"तुम्ही पण घ्या ना, ताई."

बायांची तोंडं चालायची थांबली.

त्या बाईने भाकरीकडे पाहिलं. मग, फार दिवसांनी आठवण झाल्यासारखा, तिने हात पुढे केला.

रूपाबाई उभीच होती. प्रियदर्शनीकडे पाहून ती मान हलवत होती, नको म्हणून.

भाकरी आणि त्या हातात वीतभर अंतर राहिलं होतं. प्रियदर्शनीला सगळं एकदम समजलं. ही जेवली की नाव विचारता येईल. प्रकरण पूर्ण होईल. आणि दुसराही एक प्रश्न होता, प्रबंधापेक्षा मोठा, तो तर तिच्या जिभेवर आला होता. माझी ताई कुठे आहे? ही भाकरी तिने कुठे बसून थापली?

तिची नजर रूपाबाईकडे गेली. पाच वर्षांची असताना हिची वेणी कोणी घातली होती, ते त्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिने हात मागे घेतला आणि ती अर्धी भाकरी स्वतःच्या तोंडात कोंबली. आयुष्यात एवढा असभ्यपणा तिने केला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गाल फुगले होते, आणि ती चावत राहिली. शेवटचा तुकडासुद्धा तिने ठेवला नाही.

त्या बाईचा हात हवेत थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने त्याच हाताने प्रियदर्शनीच्या हनुवटीला लागलेला ठेचा पुसला.

"पोट भरलं, ताई," प्रियदर्शनी म्हणाली. "तुझ्यामुळं भरलं. नेहमीच भरलं. मी कधी बोलले नाही."

"बरं," ती बाई म्हणाली. टोपलं काखोटीला मारून ती माळ उतरून गेली. तिच्या चालण्याचा आवाज येत होता, मुरूम पायाखाली वाजत होता. रूपाबाई प्रियदर्शनीच्या शेजारी मटकन खाली बसली आणि तिने तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. कितीतरी वेळ सोडला नाही.

संध्याकाळी पाचला प्रियदर्शनी घरी पोचली. सगळं जागच्या जागी होतं. विसरलेला डबा ओट्यावर होता. तिने फळीवरचा ज्वारीचा डबा खाली काढला. तो हलका लागला. फडक्याची गाठ शिलाताईने मारली होती तशीच होती, दुहेरी, घट्ट, नखाने सोडवावी लागली. आत ज्वारीचा एक दाणा नव्हता. तळाशी लिंबाची वाळकी पानं तेवढी होती.

तिला भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की ज्वारी वाया गेली नाही. माणसं जेवली. मग ती टेबलाशी बसली, शेवटच्या प्रकरणाची पानं फाईलमधून काढली आणि खालच्या खणात ठेवून दिली. अर्पणपत्रिकेचं पान दोन वर्षं कोरं होतं. त्यावर तिने लिहिलं, 'ताईस'. कोणत्या, ते लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला निघायच्या बेतात असताना दारावर थाप पडली. पन्नाशीचा एक अनोळखी माणूस उभा होता. धुतलेलं धोतर, पायात धुळीने माखलेल्या वहाणा, खांद्यावर छोटं पोतं. तो अवघडला होता.

"बाई, मी वसमतकडून येऊन राहिलो. तुमी मला येड्यात काढशान. माझा बाप जाऊन सा वर्सं झाली. काल दुपारी बांधावर डोळा लागला तर आला. ही गल्ली, हे घर, समदं सांगितलं. म्हणला, तिथल्या बाईची ज्वारी आमी पाहुण्यात वाढली, तेवढी भरून दे." त्याने पोतं उतरवून उंबऱ्याशी ठेवलं. ज्वारी निवडलेली होती. वर लिंबाचा पाला होता, हिरवागार.

प्रियदर्शनीने त्याला नाव विचारलं नाही. "आत या," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या."

"जेवतो की. पण एक राहिलं." तो डोकं खाजवत थांबला. "बापाच्या मागं एक बाई उभी होती. मी ओळखत न्हाई तिला. ती मला म्हणली, एवढं विचारून ये. मला काय त्याचा अर्थ लागला न्हाई."

"काय विचारायला सांगितलं?"

आत भिंतीवरच्या घड्याळात नऊचे ठोके पडायला लागले.

"डबा घेतलास का?"